इंग्रजी वाक्याची जोडणी



अर्जुनी मोरगावकडचे पोर घरी झाडीबोली बोलते. कुणाच्या घरी गोंडी असते. बाजारात हिंदी कानावर पडते, शाळेत पुस्तकी मराठी. त्यावर आणखी इंग्रजी! पूर्वी ती पाचवीत येई. २०००-०१ पासून आपल्या राज्यात ती पहिलीतच आली. मग पोर चुकले की आपण म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." पण खरे सांगू? पुष्कळदा ते पोर मराठीच्या नियमाने अगदी बरोबर असते. कसे ते पाहू.

आपण नुसते "गेलो" म्हटले तरी जाणारा मी, हे कळते. "गेलास" म्हणजे तू, "गेली" म्हणजे ती. करणारा क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेला असतो. इंग्रजीत मी गेलो तरी "वेण्ट" आणि ती गेली तरी "वेण्ट"च. म्हणून तिथे आय, यू, शी असे सर्वनाम पुढे उभे करावेच लागते. पाऊस पडतो आहे, याला "इट इज रेनिंग" म्हणतात. यातले हे "इट" कोण? कुणीच नाही! धुऱ्यावरच्या बुजगावण्यासारखे ते नुसती जागा धरून उभे असते. मुलाला हे सांगा. ते हसेल आणि विसरणार नाही.

आता उभयान्वयी अव्यय पाहा. "जर पाऊस आला, तर रोवणी करू." आपले जर-तर म्हणजे बैलजोडी. इंग्रजीत "इफ" एकटेच ओढते. तसेच जरी-तरीचे. मूल "ऑल्दो" लिहून पुढे "बट" जोडते, कारण त्याला "तरी" हवा असतो. तिथे दोन्हींपैकी एकच पुरे. आणखी एक गंमत अशी, की पाऊस यायचा आहे उद्या, पण आपण म्हणतो "आला". इंग्रज म्हणतो "इफ इट रेन्स", म्हणजे वर्तमानकाळ. मुलाने तिथे "केम" लिहिले, तर ते मराठीशी इमान राखून लिहिलेले असते, बरे का!

सर्वांत मोठी गफलत पुढेच आहे. समजा, एक मुलगा गुरुजींना चिठ्ठी लिहितो : बाबा म्हणाले की मी अर्जुनीला जातो. मराठीत हा "मी" म्हणजे बाबा. मुलाने शब्दाला शब्द ठेवून "फादर सेड दॅट आय ॲम गोइंग टु अर्जुनी" असे लिहिले, की अर्जुनीला निघाला मुलगा आणि बाबा राहिले घरी! "दॅट" आले की सर्वनाम बदलते आणि त्याच्यामागून क्रियापदही : "फादर सेड दॅट ही वॉज गोइंग टु अर्जुनी." पुढे अर्ज, तक्रार किंवा जबानी लिहिताना ही चूक राहिली, तर बोलला एक आणि नाव दुसऱ्याचे, असे व्हायचे.

तेव्हा गुरुजी, फळ्याचे दोन भाग करा. एकीकडे मराठी वाक्य, दुसरीकडे इंग्रजी. मग तीनच प्रश्न विचारा : करणारा कोण? जोडणारा शब्द कोणता? त्याने क्रियापदाचे काय केले? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी हाताळली, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

आणि आईबापांनो, पोराच्या घरच्या बोलीला हसू नका. तिच्याच खांद्यावर बसून त्याला इंग्रजी दिसणार आहे.