हैदराबादच्या खरेदीचं पंचांग



वसंतातल्या व्याख्यानाला आज मी बाजाराचा विषय घेतला आहे. लग्नसराई सरत आली. थोड्याच दिवसांत अमीरपेटेपासून सिकंदराबादच्या जनरल बाजारापर्यंत ‘आषाढम सेल’चे फलक झळकतील. तिथूनच सुरुवात करू.

तेलुगू पंचांग आपल्यासारखंच अमान्त, म्हणून आषाढ दोघांचा एकाच दिवशी लागतो. तेलुगू घरांत या महिन्यात लग्नं होत नाहीत. नवी सून माहेरी जाते; सासू-सुनेनं एक उंबरठा ओलांडू नये म्हणतात. कापडवाल्याला हा महिना भाकड. लग्नसराईतला माल पडून, नोकरांचे पगार चालू, आणि श्रावणात वरलक्ष्मी व्रताच्या नव्या साड्यांना फळ्या रिकाम्या करून हव्यात. मग भाव उतरतात. आपण आखाड तळतो, ते आखाड विकतात! तमिळ मुलखात ‘आडी’ महिन्यात हेच चालतं. सवलतीचा मूळ धर्म इथे दिसतो: गिऱ्हाईक आपणहून येत नाही, त्या दिवसांत ती जन्माला येते.

आता याच्या उलट चित्र पाहा. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री हैदराबादेतले पत्थरगट्टी, मदिना, लाड बाजार पहाटेपर्यंत जागे असतात. लाड बाजारात कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करतो, तिची कांडी वळतो, बांगडीचा आकार देतो आणि लाख गरम असतानाच एकेक खडा दाबून बसवतो. समोर गिऱ्हाइकांची झुंबड. घासाघीस होते, पण सेलच्या फलकावाचून अडत नाही. हिजरी वर्ष आपल्या सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा हंगाम साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2025 साली गुढीपाडवा आणि उगादी 30 मार्चला, तर ईद 31 मार्चला आली. दोन पंचांगांची खरेदी एकाच आठवड्यात. अशा वेळी व्यापारी भाव कशाला उतरवेल?

तिसरं पंचांग इंग्रजी तारखांचं, आणि त्यावर या शहरानं आपला स्वतःचा सण बसवला: नुमाइश. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या संघटनेनं पब्लिक गार्डनमध्ये ‘नुमाइश मस्नुआत-ए-मुल्की’ भरवली. अडीच रुपयांच्या भांडवलावर, असं सांगतात. हैदराबाद संस्थानात तयार झालेला माल लोकांपुढे मांडायचा आणि संस्थानाच्या आर्थिक पाहणीसाठी पैसा उभा करायचा, हा हेतू. तेव्हाच्या त्या ‘मुलखा’त औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले पाचही जिल्हे होते, हे विसरू नका. 1946 मध्ये प्रदर्शन नामपल्लीच्या आजच्या मैदानावर आलं. संस्थानाच्या विलीनीकरणाच्या धामधुमीत ते बंद पडलं आणि 1949 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजी यांच्या हस्ते पुन्हा सुरू झालं. पुढे ‘अखिल भारतीय औद्योगिक प्रदर्शन’ हे नाव रूढ झालं, लोकांच्या तोंडी मात्र नुमाइशच राहिली. 1 जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काश्मिरी शाली, सुका मेवा, लखनवी चिकन यांच्या दुकानांतून शहर फिरत असतं. नफा शिक्षणसंस्थांकडे जातो; त्याच मैदानालगतचं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय हे त्याचं फळ. खरेदीच्या दिवसांतून मुलींचं कॉलेज उभं राहतं, याचा या शहराला अभिमान वाटायला हरकत नाही.

अमेरिकेत मात्र व्यापाऱ्यांनी पंचांगच हलवलं. तिथे थँक्सगिव्हिंगनंतर नाताळची खरेदी सुरू होते. 1939 साली हा सण 30 नोव्हेंबरला येत होता. खरेदीला दिवस कमी पडतील अशी दुकानदारांची तक्रार. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी तो एक आठवडा अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही, आणि तीन वर्षं देशात दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले. 1941 मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवावा लागला.

आपल्याकडे सवलतीच्या वेळेतला पालट मोबाइलवरून आला. 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टनं ‘बिग बिलियन डे’ केला. दसरा 3 तारखेला झाला होता, दिवाळी 23 ला होती. म्हणजे गिऱ्हाईक आपणहून येणार त्याच दिवसांत सवलत! आषाढातला दुकानदार पडून राहिलेला माल हलवत होता. ही ऑनलाइन मंडळी शेजारच्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवत होती, त्यासाठी तोटा सोसायचीही तयारी होती. जनरल बाजारातल्या छोट्या कापडवाल्याला ही चैन परवडत नाही. त्याचे भरले दिवस गेले, तर आषाढात भाव उतरवायला त्याच्याकडे उरतं काय?

तेव्हा येत्या आषाढात फलक दिसला की टक्के नंतर वाचा. ही सवलत कोणाच्या पदरातून येते आहे, हे आधी विचारा. साडी मग कुठूनही घ्या.