छातीवरील गाठ आणि पुरुषाचे मौन



मुळशी परिसरात भातलावणी सुरू झाली की चिखलात राबणाऱ्या पुरुषाच्या अंगावर पुष्कळदा बंडीही नसते. त्याची उघडी छाती सर्वांना दिसते. तिच्यावरील गाठ मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. आलीच, तर ‘ओझे लागले असेल’ म्हणून विषय मिटतो. स्तनाचा कर्करोग स्त्रियांनाच होतो, हा समज त्यामागे असतो. तो खरा नाही.

या रोगाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे १ पुरुष असतो. पुरुषाच्या छातीतही स्तनाच्या ऊतीचा अल्प अंश असतो. ऊती थोडी असल्याने गाठ हाताला सहज लागते. परंतु त्याच कारणाने ती त्वचेपर्यंत आणि स्नायूपर्यंत लवकर पोहोचू शकते. म्हणूनच विलंब घातक ठरतो.

स्तनाग्रामागे वा शेजारी बहुधा न दुखणारी कठीण गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव, न भरणारी जखम, काखेतील गाठ ही त्याची लक्षणे. दोन्ही बाजूंची मऊ, दुखरी वाढ बहुधा साधी असते; पण तो निवाडा घरी करावयाचा नसतो. साठीनंतर धोका वाढतो. बीआरसीए-२ या जनुकातील दोष वडिलांकडून मुलीकडेही जाऊ शकतो. त्यामुळे पुरुषाचे निदान ही साऱ्या कुटुंबासाठी सूचना असते.

डॉक्टर प्रथम हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी व सोनोग्राफी करवितात. अंतिम निर्णय बायोप्सीचा. सुईने काढलेल्या तुकड्यावरूनच हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील की नाही, हेही कळते. बहुसंख्य पुरुषांत त्या उपयोगी ठरतात.

अमेरिकेचे माजी सेनेटर एडवर्ड ब्रुक यांना २००२ साली, वयाच्या ८२व्या वर्षी हा रोग असल्याचे निष्पन्न झाले. पुढील वर्षी त्यांनी तो संकोच सोडून जाहीर केला. त्यांचे निधन २०१५ साली, ९५व्या वर्षी झाले.

तिशीपुढील नागरिकांच्या शासकीय तपासणीत स्तनाची तपासणी स्त्रियांपुरतीच असते. पुरुषाला बोलावणे येणार नाही. त्याने आपणहून पौडच्या ग्रामीण रुग्णालयाची वा पुण्याच्या ससूनची पायरी चढली पाहिजे. तो टाळत असेल, तर घरातील माउलीने त्याला न्यावे. लावणी कोणासाठी थांबत नाही, हे खरे. पण गाठही थांबत नाही.