पेनड्राइव्ह लावताच येणारी विचारणा

लोहारा तालुक्यातल्या माकणीसारख्या गावात शाळेचा एकच संगणक शिक्षक आणि मुलं मिळून वापरतात. विंडोज १० मध्ये पेनड्राइव्ह लावला की ऑटोप्ले काय करायचं ते विचारतो. पर्यायांत त्या ड्राइव्हवर बॅकअप घेण्याचाही एक असतो. मुलानं चुकून तो निवडला, तर संगणकावर त्या वेळी उघडलेल्या खात्यातल्या फायलींच्या प्रती त्याच्या पेनड्राइव्हवर जाऊ लागतात. त्यात गुणपत्रकं असतील, आधार क्रमांक असतील, आणि पेनड्राइव्ह तर घरी जातो! म्हणून सेटिंग्जमधल्या डिव्हाइसेसमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. हा बदल प्रत्येक खात्यात वेगळा करावा लागतो. शाळेचा स्वतःचा बॅकअप मात्र थांबवू नका. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवा.