मनगटावरची हलती माणसं

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘माझा छंद’. आधीच्या दोघांनी सह्याद्रीतले किल्ले आणि गच्चीवरची भाजी यावर इतकं छान सांगितलं, की माझा छंद आता जरा विचित्रच वाटेल. मला घड्याळातल्या हलत्या बाहुल्यांचं वेड आहे. तबकडीवर एखादा छोटा माणूस असतो, तो हात हलवतो, घंटा वाजवतो, चालतो. तेही भिंतीवरच्या घड्याळात नाही, मनगटावरच्या. बॅटरी नाही, चिप नाही. नुसती स्प्रिंग, चाकं आणि तरफा.

लगेच सांगते, माझ्याकडे असं एकही घड्याळ नाही. यांतल्या चांगल्या घड्याळांची किंमत मुलुंडमधल्या फ्लॅटशी स्पर्धा करते. मी फक्त बघते, वाचते आणि आतून ते कसं चालत असेल हे कागदावर काढून पाहते. दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईने हे का करावं, ते पुढे सांगते. आणि शेवटी शाळेच्या निधीबद्दल एक मागणी करणार आहे, तेव्हा जेवणाच्या वासाने लक्ष विचलित होऊ देऊ नका.

ही माणसं मुळात मनगटावर नव्हती, मनोऱ्यावर होती. युरोपातल्या गावांत चौकातल्या घड्याळाबरोबर धातूचे पुतळे बसवत आणि ते तासाला घंटेवर हातोडा मारत. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात पंधराव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले असे दोन कांस्यपुतळे आजही ठोके देतात. आपल्या मुंबईकरांना घड्याळाचा मनोरा म्हटला की राजाबाई टॉवर आठवतो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो १८७८ मध्ये पुरा झाला, नाव त्यांच्या आईचं. त्यावरही माणसं आहेत बरं का! पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांचे २४ दगडी पुतळे. पण ते जागचे हलत नाहीत. एके काळी त्या घड्याळाच्या घंटा १६ वेगवेगळ्या धून वाजवायच्या. म्हणजे आवाज होता, माणसंही होती, पण दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

ती गाठ बघायची असेल तर हैदराबादला जा. सालारजंग संग्रहालयातलं ते प्रसिद्ध घड्याळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. एकोणिसाव्या शतकातलं, कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं. एक दाढीवाला माणूस दर तासाला दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके ठोके देतो आणि परत आत जातो. दुसरा एक लोहारासारखा बसलेला असतो, तो सतत हातोडा मारून सेकंद मोजतो. दुपारी बाराच्या आधी तिथे गर्दी जमते, कारण तेव्हा बाराच्या बारा ठोके बघायला मिळतात. हातात मोबाइल असलेली माणसं, ज्यांना वेळ सेकंदापर्यंत अचूक माहीत आहे, ती एका लाकडी पेटीसमोर वेळ ऐकायला उभी राहतात! मला त्या घड्याळाइतकीच ती गर्दी बघायला आवडते.

आता हाच माणूस लहान लहान करत मनगटावर आणायचा, तर अडचण काय? अडचण ताकदीची. किल्लीच्या घड्याळात सगळी ताकद एका गुंडाळलेल्या स्प्रिंगमधून येते. आपण सकाळी किल्ली देतो, ती दिवसभर उलगडते आणि तेवढ्या शिदोरीवर बॅलन्स व्हीलला तासाला १८,००० किंवा २८,८०० वेळा झोके घ्यायचे असतात. म्हणजे सेकंदाला पाच किंवा आठ. त्यात मध्येच बाहुलीने हात हलवायला ताकद मागितली, तर झोका मंदावणार आणि घड्याळ मागे पडणार.

याला कारागिरांनी तीन उत्तरं शोधली.

पहिलं सर्वांत स्वस्त. जे मुळातच हलतंय त्यालाच चित्र चिकटवायचं. १९३३ मध्ये अमेरिकेत इंगरसोल कंपनीने मिकी माउसचं घड्याळ काढलं. त्यात मिकीचे हात हेच तासकाटा आणि मिनिटकाटा. सेकंदकाट्याच्या जागी एक छोटी चकती, तिच्यावर तीन चिमुकले मिकी एकामागून एक पळत असतात. जादा ताकद जवळपास शून्य. चीनमध्ये पर्यटकांना विकली जाणारी, माओ हात हलवतात अशी घड्याळंही याच जातीची. आतला जो भाग टिकटिक करत मागेपुढे होतो, त्यालाच तो हात जोडलेला असतो.

दुसरं उत्तर थोडी थोडी ताकद साठवण्याचं. गोगलगायीच्या शंखासारखी, हळूहळू रुंद होत जाणारी एक चकती घ्यायची. ती फिरताना एका दांडीला सावकाश वर ढकलत नेते. शेवटी कडेवरून दांडी एकदम खाली घसरते आणि बाहुली टुणकन मूळ जागी येते. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच कंपनीने २०१० मध्ये या तत्त्वावर एक घड्याळ काढलं. पॅरिसमधला एक पूल, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. ती तास दाखवते, तो मिनिटं. तो दर तासाला पुलाच्या मध्यापर्यंत येतो, ती तिथे पोचलेली नसते, बिचारा परत सुरुवातीला. असं दिवसभर. बारा वाजता मात्र दोघं एकाच वेळी मध्यावर येतात आणि भेटतात. (इथे मागच्या बाकावरून जो आवाज आला तो कोणाचा, हे सगळ्यांना कळलेलं आहे. मुलुंड स्टेशनच्या पुलावर क्लासच्या वेळा पाठ करून कोण उभं राहायचं, तेही माहीत आहे.)

तिसरं उत्तर मला सर्वांत आवडतं. बाहुल्यांसाठी वेगळी स्प्रिंग. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशी खिशातली घड्याळं निघाली, की अंधारात कळ दाबली की ती ठोक्यांनी वेळ सांगत. वीज नव्हती, मेणबत्ती पेटवण्यापेक्षा हे बरं. पुढे त्यांत मिनिटांचे ठोकेही आले आणि तबकडीवर घंटा वाजवणारी माणसं आली. आज मनगटी घड्याळातही ही रचना करतात. युलिस नार्दां या स्विस कंपनीच्या अशा एका घड्याळाचं नावच व्हेनिसच्या त्या चौकावरून ‘सान मार्को’ आहे. यात घड्याळाच्या कडेची पट्टी तुम्ही बोटाने सरकवता, तेव्हा बाहुल्यांची स्प्रिंग त्या सरकवण्यानेच ताणली जाते. म्हणजे खेळ तुम्हाला बघायचा आहे, तर ताकदही तुमच्या बोटाची. वेळेच्या शिदोरीला हात लागत नाही.

आता यातली गंमत बघा. समजा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. घड्याळ आधी जाड आवाजात दहा ठोके देतं. मग पाऊण तासाचे तीन जोडठोके. मग बारीक आवाजात उरलेल्या मिनिटांचे पाच. त्याला हे मोजता कसं येतं? आत १२ पायऱ्यांची एक चकती असते, तासाला एक पायरी. कळ दाबली की एक दातेरी दांडी त्या चकतीवर पडते. एक वाजले असतील तर पायरी उंच, दांडी लगेच अडकते आणि हातोड्यापुढून एकच दात जातो. बारा वाजले असतील तर पायरी खोल, बारा दात जातात. पाव तासांसाठी ४ पायऱ्यांची दुसरी चकती. मिनिटांसाठी चार फाट्यांची तिसरी, प्रत्येक फाट्यावर १४ पायऱ्या.

माझ्यासारखीला हे बघून एकदम ओळख पटते. आम्ही संगणकात तक्ते साठवतो, की अमुक आकडा आला तर तमुक उत्तर दे. इथे तोच तक्ता पितळेत किंवा पोलादात कानशीने घासून काढलेला आहे. त्या कारागिराने एकदा घेतलेला निर्णय धातूत कायमचा बसलाय आणि तो बोटाने चाचपता येतो.

आणि एक गुपित. बाहुली घंटा वाजवतच नाही. खरा हातोडा आत लपलेला असतो, तो यंत्राभोवती गुंडाळलेल्या तारेवर पडतो. बाहुलीचा हात फक्त त्या हातोड्याला तरफेने जोडलेला. तरीही आपल्याला वाटतं तिनेच ठोका दिला. नाटकाच्या बाईंना हे पटेल.

कंपनीच्या कामाने मी झुरिकला होते, तेव्हा एका महिन्याच्या पहिल्या रविवारी रेल्वेने न्यूशातेलला गेले. त्या दिवशी तिथल्या संग्रहालयात पिएर जाके-द्रो यांच्या बाहुल्या चालवून दाखवतात. मनगटी घड्याळांतल्या बाहुल्यांचे हे पूर्वज. १७७४ मध्ये लोकांपुढे आणलेल्या तीन बाहुल्यांपैकी एक मुलगा लिहितो. आत सुमारे ६,००० भाग. तो पीस शाईत बुडवतो, झटकतो आणि कागदावर सुबक अक्षरात लिहितो. लिहिताना डोळे पिसाच्या मागे फिरतात. त्याच्या पाठीत एक चाक आहे, त्यावरच्या खुंट्या बदलल्या की ४० अक्षरांपर्यंतचा वेगळा मजकूर लिहून घेता येतो. याला आम्ही प्रोग्रॅम म्हणतो.

मी २००३ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आज कुठल्याही यंत्रावर चालत नाही. ज्या यंत्रणेवर तो चालायचा तीच उरलेली नाही. हा मुलगा अडीचशे वर्षं लिहितोय. तो टिकला याचं कारण धातू नव्हे. पाठीमागचं दार उघडलं की काय कशाला ढकलतंय हे नंतरच्या माणसाला दिसतं, म्हणून तो दुरुस्त होत राहिला. २०१५ मध्ये आलेल्या ॲपलच्या पहिल्या घड्याळातही मिकी आहे, पाय आपटून सेकंद मोजतो. छान दिसतो. पण तो का हलतो हे कुठल्याही मुलाला ते उघडून कळणार नाही.

आता माझ्या मागणीकडे येते.

आपल्याकडे हलत्या माणसांची मोठी परंपरा आहे आणि ती गणपतीच्या मांडवात आहे. हलते देखावे! एक मोटार, तिच्यावर गोल चकती, चकतीच्या मध्याऐवजी कडेला एक खिळा, खिळ्यापासून कोपरापर्यंत दांडी. मोटार गोल फिरते, मावळ्याची तलवार वर-खाली होते. न्यूशातेलच्या मुलाच्या पोटात जे आहे, त्याचंच हे साधं रूप. आमच्या सोसायटीत दर वर्षी असा देखावा व्हायचा. मुलींना रंगकाम, झिरमिळ्या आणि बाहुल्यांचे कपडे शिवायचं काम. पडद्यामागे मोटारीपाशी फक्त मुलं. कुणी अडवलं असं नाही, तशी पद्धतच होती. चकती आणि दांडीचं ते नातं मी पहिल्यांदा हातात घेतलं ते इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये, अठराव्या वर्षी. पुस्तकातले तरफेचे तीन प्रकार मात्र मला सातवीपासून पाठ होते, अडकित्त्यासकट.

आपल्या निधीतून स्मार्ट बोर्ड घ्यावा असं ग्रुपवर बहुमत दिसतंय. घ्या, माझा विरोध नाही. पण त्यातला थोडा भाग बाजूला काढून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक काम करायचं टेबल द्यावं. त्यावर पकड, स्क्रूड्रायव्हर, कानशी, पुठ्ठा, पातळ प्लायवूड, हळू फिरणाऱ्या बारा व्होल्टच्या मोटारी आणि जुनी बंद पडलेली गजराची घड्याळं. सातवी-आठवीच्या चार-चार मुलांच्या गटाने वर्षात एक हलती बाहुली करायची. गटात दोन मुली, दोन मुलगे. मोटार कुणी जोडायची ते चिठ्ठ्या टाकून.

शिकवणार कोण, हा प्रश्न मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारला. स्टेशनबाहेर डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळवाले काका आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिले आहेत. आता हाताशी काम फारसं येत नाही, आलं तर सेल बदलायचं. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. त्यांच्याबरोबर ते ज्ञान संपणार. मी त्यांना विचारलं, महिन्यातून दोन शनिवार शाळेत याल का? ते म्हणाले, ‘‘मुलं घड्याळं मोडतील.’’ मी म्हटलं, ‘‘मोडायलाच आणतोय.’’ ते यायला तयार आहेत. त्यांचं मानधन आपण द्यायचं, फुकट नाही.

खर्चाचा कागद मी दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. स्मार्ट बोर्डाच्या रकमेपुढे तो किरकोळ आहे. जेवणाच्या आधी वाचा आणि जेवणानंतर मतदान होईल तेव्हा हात वर करा. ग्रुपवरचा अंगठा चालणार नाही. खांद्यापासून, कोपरातून वर जाणारा खराखुरा हात हवा.