लटकलेलं दार

जुन्या गाडीचं दार एका दणक्यात लागेनासं झालं, की माणूस दोन दणके देतो. ते जमेनासं झालं, की दार उचलून लावायची सवय करतो, आणि नव्या माणसाला 'जरा वर उचलून ओढा' असं सांगत वर्षानुवर्षं काढतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सींत 'दरवाजा हळू बंद करा' असं लिहिलेलं असे, ते काही उगीच नव्हे.

मी आज बोलणार आहे ते मुख्यतः पद्मिनीबद्दल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. ताडदेवच्या आरटीओत 2003च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपून 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण हौशी लोकांच्या दारात अजून पद्मिनी उभ्या आहेत, आणि त्यांची दारं लटकलेली आहेत.

दार अडतं लॉकपाशी, म्हणून दुखणंही लॉकपाशीच असणार असं आपण धरून चालतो. घाईतला कारागीर तेच करतो. मधल्या खांबावर लॉक जिथे अडकतं तो स्ट्रायकर सैल करायचा, जरासा खाली सरकवायचा, पुन्हा आवळायचा. दार लागतं, गिऱ्हाईक खूश! दार मात्र होतं तिथेच लटकलेलं राहतं. सहा महिन्यांनी ते आणखी उतरतं आणि स्ट्रायकरला खाली जायला जागा उरत नाही. या दुरुस्तीला मी दुरुस्ती म्हणत नाही.

खरं दुखणं असतं दुसऱ्या टोकाला, बिजागरीत. दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर फूटभर, आणि दाराची लांबी तीनेक फूट धरा. वरच्या पिनेपाशी एक मिलिमीटर झीज झाली, की लॉकच्या टोकाशी दार तीन मिलिमीटर खाली येतं. घरच्या गाडीत हे आधी चालवणाऱ्याच्या दाराचं होतं, टॅक्सीत डाव्या बाजूच्या मागच्या दाराचं. जे दार जास्त उघडतं, ते आधी उतरतं.

तपासणी अगदी सोपी आहे. दार अर्धं उघडा, मोकळं टोक दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच वर-खाली करा. दुसऱ्या कुणाला तरी बिजागरीकडे बघत बसवा. बिजागरीची दोन पानं आपापल्या जागी घट्ट असून मधली पिनच खुळखुळत असेल, तर पिन आणि बुश झिजलेत. लेथवाल्याकडून पितळी बुश आणि किंचित जाड पिन करून घेता येते. पिन शाबूत असून सगळी बिजागरीच खांबावर हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत. आणि बिजागरीसकट खांबाचा पत्राच हलत असेल, तर पाना खाली ठेवा. तो गंज आहे, तिथे वेल्डिंगशिवाय उपाय नाही.

गंजाची आणखी एक परीक्षा आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. दारं बंद ठेवून गाडी जॅकवर घ्या आणि दाराभोवतीच्या फटीकडे बघत राहा. चाक उचललं जाताना वरची फट मिटू लागली किंवा दार घासू लागलं, तर दाराखालची पट्टी आतून खाल्ली गेली आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे फार. वरून लांबी भरून रंग मारलेला असतो, त्यामुळे नजरेला काही दिसत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर इंजिन ऐकण्याआधी हे करावं.

आता दार बसवणं. आधी स्ट्रायकर काढून बाजूला ठेवा, म्हणजे दार आपल्या वजनाने कुठे बसतं ते खरं कळतं. बिजागरीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा. दाराखाली जॅक, वर फळी आणि फडकं. बोल्ट पूर्ण काढायचे नाहीत, जेमतेम सरकेल इतकेच सैल करायचे. चारी दारं उतरली असतील तर सुरुवात मागच्या दारापासून करा, कारण मागचा पत्रा हलत नाही. त्याला धरून मागचं दार, मागच्याला धरून पुढचं, आणि मडगार्ड सगळ्यांत शेवटी. पुष्कळ लोक पुढून सुरुवात करतात आणि मागे येईपर्यंत फट बोटभर झालेली असते. बिजागरीत लाकडाचा ठोकळा अडकवून दार दाबायची एक गॅरेजी युक्ती आहे. ती मला पसंत नाही. पत्रा पिळतो आणि मग काहीच जागेवर येत नाही.

नवं रबर बसवलं असेल तर दार थोडं कडक लागणारच. ते दबायला वेळ द्या, त्यासाठी लॉक हलवू नका.

पावसाळा तोंडावर असेल तर आणखी एक काम. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती मातीने बुजतात. तारेने मोकळी करा, नाहीतर दार आतून कुजतं.

शेवटी स्ट्रायकर परत बसवा, आणि दार हळू लावून दोन खटके ऐका. पहिल्या खटक्यावर अडकलेलं दार बंद दिसतं, पण चालत्या गाडीत उघडू शकतं. काम गॅरेजमधून करून घेत असाल, तर पैसे दुसरा खटका ऐकल्यावरच द्या.