जुना पहारा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे मिटले, पहारे बसले. तरीही तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूजही बांधविला. आमचा आजचा विषय संगणकाच्या सुरक्षिततेचा असला, तरी त्याचे सार या बुरुजात आहे.

ज्यास आपण अँटिव्हायरस म्हणतो ती आज्ञावली म्हणजे एक पहारेकरी होय. त्याच्यापाशी उपद्रवी आज्ञावलींच्या खाणाखुणांची यादी असते आणि येणारी फाईल तो तिच्याशी ताडून पाहतो. संशयास्पद वर्तनावरूनही तो काही ओळखतो. परंतु ही जाणही वेळोवेळी नवी करावी लागते. यादी सहा महिन्यांची जुनी असेल, तर मधल्या काळात जन्मलेला चोर त्याच्यासमोरून सहज निघून जाऊ शकतो. ज्याच्या दारी पहारा नाही तो निदान सावध झोपतो. ज्याचा पहारेकरी डुलक्या घेतो तो धनी मात्र निश्चिंत घोरतो. खरा धोका या निश्चिंतीत आहे.

दुसरी गोष्ट बुरुजाची. संगणकाच्या मूळ प्रणालीत उणिवा सापडतात आणि निर्माते त्यांवर दुरुस्ती पाठवितात. दुरुस्ती जाहीर होताच उणीवही उघड होते. तिचा अभ्यास करून चोर कडा शोधून काढतात. म्हणून विलंबाचा प्रत्येक दिवस त्यांच्या पथ्यावर पडतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील अशा एका उणिवेवर १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ने त्याच वाटेने दीडशे देशांत शिरकाव केला. ते फायली कुलूपबंद करून खंडणी मागे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-न्यासांचे काम विस्कळीत झाले. हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. तेथील लेखापरीक्षकांना आढळले, की बाधित संस्थांची यंत्रे दुरुस्ती न केलेली वा कालबाह्य प्रणालीची होती. जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ने इतर मार्गांबरोबर तेच छिद्रही वापरले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले.

“आमचे यंत्र इंटरनेटला जोडलेलेच नाही,” असे कोणी म्हणतील. परंतु पेन ड्राइव्ह सर्वत्र फिरतो. “दुरुस्तीनेच यंत्र बिघडते,” असेही म्हटले जाते, आणि ते अगदीच निराधार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. यावर उपाय मात्र दुरुस्ती टाळणे हा नव्हे; महत्त्वाच्या दप्तराची प्रत यंत्रापासून अलग ठेवणे हा होय.

हे सारे आपल्या मंडळासही लागू आहे. पन्नास वर्षांची इतिवृत्ते, गणेशोत्सवाची छायाचित्रे, सभासदांचे पत्ते आता कपाटातून संगणकात आले आहेत. परमुलखात हेच आपले दप्तर. ते एकदा गेले तर कोणत्याही किमतीस पुन्हा मिळणार नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा अशा यंत्राची चौकशी प्रथम व्हावी. अपडेट आपोआप होण्याची सोय चालू ठेवावी, तरीही महिन्यातून एकदा अखेरच्या अपडेटची तारीख पाहावी, आणि हे काम एका नावानिशी नेमलेल्या कार्यकर्त्याकडे असावे. कारण सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा सरकारी कचेऱ्यांतील आमचा जुना अनुभव आहे.

बैल गेला आणि झोपा केला, असे आपणांस म्हणावे लागू नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.