महेश्वरचा वाडा आणि गावाची ठेव



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव प्रथम आठवते. ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीला, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्मलेली ही या जिल्ह्याची लेक. २०२४ साली जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले. १७८० साली काशी विश्वेश्वराचे आणि १७८३ साली सोमनाथचे मंदिर त्यांनी नव्याने उभे केले.

मध्य प्रदेशात नर्मदाकाठी महेश्वरच्या किल्ल्यात त्यांचा वाडा आहे. किल्ल्याच्या एका भागात आज हॉटेल चालते. पण जुना वाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे. राजवाडा पाहायला गेलेला माणूस आत शिरताच चकित होतो. लाकडी खांब, ओसरी, मधला चौक. एखाद्या पाटलाचा वाडा वाटावा. तेथे त्यांची साधी गादी, पालखी आणि शस्त्रे जपली आहेत. जवळच देवघर आहे. १७५४ साली पती, १७६६ साली सासरे मल्हारराव आणि १७६७ साली पुत्र मालेराव गेले. एवढे दुःख पचवून या माउलीने येथून जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य केले. देवळे-घाटांचा खर्च सरकारी खजिन्यातून नव्हे, आपल्या खासगीतून केला. हे सारे त्या साध्या गादीपुढे उभे राहिले की पटते. वाडा राहिला म्हणून साक्ष राहिली.

राळेगणला हे वेगळे सांगायला नको. येथे एके काळी देवळाचे लाकूडसुद्धा दारूच्या भट्टीत जळाले. पुढे १९७५ साली फौजेतून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःची पुंजी घालून यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले आणि गाव तेथून सावरले.

म्हणून जीर्णोद्धारात एक पथ्य पाळावे. नवे बांधताना जुनी कोरीव तुळई, घासून पातळ झालेली समई, तडा गेलेली घंटा, वर्गणीच्या जुन्या वह्या भंगारात जाऊ देऊ नयेत. देवळालगतच्या एका खोलीत त्या मांडाव्यात. कोणती वस्तू कोणत्या घरातून आली हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. सांगणारे गेल्यावर वस्तू मुक्या होतात. एका खोलीला फार पैसा लागत नाही, आस्था लागते.

देणगीदारांनी कळसाला हात दिला आहे. थोडा हात या खोलीलाही लागावा, हीच यादवबाबांच्या चरणी प्रार्थना.